‘यहोवाचे साक्षीदार’ आणि त्या पंथांतून बाहेर पडलेल्यांचे प्रश्न

(मुर्री येथें महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत वाचलेलें भाषण)



महोत्सवाचा दिवस हा आनंदाचा दिवस होय. अशा दिवशीं गत काळाचें स्मरण करावें, ज्यांनीं कष्ट सोसून येथें श्रद्धेचें बीं पेरलें त्यांचे उपकार आठवावे आणि दयाळू देवाचे आभार मानावे, ही आपली रीत आहे. तें सर्व या सभेंत यथायोग्य झालेंच आहे. चालकांनीं आमच्याकडे सोंपविलेला विषय मात्र थोडा निराळा आहे. ‘यहोवाचे साक्षीदार’ या नांवानें जो पंथ ओळखला जातो, त्यांतून बाहेर पडलेल्या माणसांनीं त्या पंथाच्या शास्त्रार्थाविषयीं व चालकांविषयीं कोणते प्रश्न विचारले, आणि त्यांपासून आपण कोणता बोध घ्यावा, हें आम्हांस सांगावयाचें आहे.

आनंदाच्या दिवशीं हा विषय कां, असें कोणी विचारील. त्याचें कारण साधें आहे. गोंदिया हें रेल्वेचें मोठें जंक्शन. येथून आपलीं मुलें नोकरीसाठीं, शिक्षणासाठीं नागपुरास, रायपुरास, पुण्यास, मुंबईस जातात. परक्या शहरांत भाड्याच्या खोलींत राहणाऱ्या एकट्या मुलाचें दार एखाद्या रविवारीं कोणी तरी हळूच ठोठावतें. दोन नीटनेटकीं माणसें उभीं असतात. बोलणें गोड, हातांत पवित्र शास्त्र. तीं विचारतात, “जगांत इतकें दुःख कां आहे, याचें उत्तर बायबलमध्यें काय दिलें आहे, हें पाहावयाचें आहे काय?” ज्या मुलास महिनोन् महिने कोणीं “जेवलास काय?” म्हणून विचारलेलें नसतें, त्याला हे पाहुणे देवदूतासारखे वाटले तर नवल नाहीं. म्हणून ही गोष्ट दूरची नव्हे. ती आपल्या घरांतली आहे.

आपला हा धानाचा मुलूख. खळ्यावर रास पडली म्हणजे शेतकरी तिच्याकडे नुसता पाहात बसत नाहीं. सूप घेऊन वाऱ्याच्या तोंडावर उभा राहतो. पोचट उडून जातें आणि भरलेला दाणा पायाशीं पडतो. संत पौलानें थेस्सलनीकाच्या मंडळीस सर्व गोष्टींची पारख करून चांगलें तें धरून ठेवण्याचा जो उपदेश केला, त्याचा अर्थ धान पाखडणाऱ्यास वेगळा समजावून सांगावा लागत नाहीं. ज्या माणसांविषयीं आम्ही बोलणार आहों, त्यांनीं हेंच केलें. आपण ज्या खळ्यावर आयुष्य घालविलें, त्याच खळ्यावरचें धान्य त्यांनीं पाखडून पाहिलें.

प्रथम या पंथाची ओळख करून घेऊं. अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया संस्थानांत, पिट्सबर्गच्या परिसरांत, १८५२ सालीं जन्मलेले चार्ल्स टेझ रसेल हे त्याचे मूळ पुरुष. तरुणपणीं त्यांच्यावर ॲडव्हेंटिस्ट उपदेशकांची छाप पडली. प्रभूच्या पुनरागमनाचें वर्ष गणितानें काढण्याची हौस त्या उपदेशकांत मोठी होती. १८७९ च्या जुलै महिन्यांत रसेल यांनीं एक मासिक काढलें. मराठींत ‘टेहळणी बुरूज’ या नांवानें जें नियतकालिक निघतें, त्याचें मूळ तेंच. १९१६ सालीं रसेल वारले व पुढील वर्षीं जोसेफ रदरफर्ड अध्यक्ष झाले. १९३१ सालीं कोलंबस येथील अधिवेशनांत, यशया संदेष्ट्याच्या त्रेचाळिसाव्या अध्यायाच्या आधारें, ‘यहोवाचे साक्षीदार’ हें नांव घेण्यांत आलें.

आपल्या देशाशीं या पंथाचा संबंध जुना आहे. रसेल स्वतः १९१२ सालीं भारतांत येऊन गेले. १९२६ सालीं एडविन स्किनर नांवाचे इंग्रज गृहस्थ मुंबईस उतरले आणि पुढें कित्येक दशकें त्यांनीं येथील काम पाहिलें. कांहीं काळ तर पंथाचें भारतांतील मुख्य कार्यालय आपल्या महाराष्ट्रांतच, लोणावळ्यास, होतें. पुढें तें बंगळुरास गेलें. आज जगांत या पंथाचे ऐंशी लाखांहून अधिक प्रचारक आहेत व भारतांत पन्नास हजारांहून अधिक.

त्यांची शिकवण आपल्याहून मुळांतच वेगळी आहे. पवित्र त्रैक्य ते मानीत नाहींत. प्रभु येशू हा देवानें निर्माण केलेला पहिला जीव, तोच महादूत मीखाएल, असें ते म्हणतात. पवित्र आत्मा ही व्यक्ति नसून देवाची शक्ति आहे, असें शिकवितात. प्रकटीकरणाच्या पुस्तकांतील १,४४,००० ही संख्या अक्षरशः घेऊन तेवढेच स्वर्गांत जातील व बाकीचे विश्वासू जन या पृथ्वीवर नंदनवनांत राहतील, असा त्यांचा विश्वास आहे. नाताळ व वाढदिवस ते पाळीत नाहींत, शस्त्र हातीं धरीत नाहींत आणि दुसऱ्याचें रक्त शरीरांत घेत नाहींत.

त्यांचे दोष सांगण्यापूर्वीं त्यांचे गुण सांगणें हा न्याय आहे. जर्मनींत हिटलरचें राज्य असतां या लोकांनीं त्याचा जयजयकार करण्यास व सैन्यांत जाण्यास नकार दिला. छळछावणींत त्यांच्या अंगावर जांभळा त्रिकोण लावीत. हजाराहून अधिक साक्षीदारांनीं त्या काळांत प्राण गमाविले, पण श्रद्धा सोडल्याच्या कागदावर सही केली नाहीं. आपल्या देशांतहि १९८५ सालीं केरळांतील तीन शाळकरी मुलांस, राष्ट्रगीताच्या वेळीं आदरानें उभीं राहूनहि तें गाइलें नाहीं म्हणून, शाळेंतून काढण्यांत आलें. सर्वोच्च न्यायालयानें ११ ऑगस्ट १९८६ रोजीं ‘बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य’ या खटल्यांत त्या मुलांच्या बाजूनें निकाल दिला. न्यायमूर्ति चिन्नप्पा रेड्डी यांचा तो निकाल प्रत्येक अल्पसंख्य धर्मीयाच्या सदसद्विवेकबुद्धीचें कवच ठरला आहे. तें कवच आपल्यालाहि उपयोगी आहे. जी माणसें उन्हापावसांत दारोदार फिरतात, शास्त्र वाचतात, विश्वासासाठीं तुरुंगांत जातात, त्यांची टवाळी करण्याचा अधिकार आपणांस नाहीं.

मग त्यांच्यापैकींच कित्येकांनीं प्रश्न कां विचारले? निष्ठा कमी होती म्हणून नव्हे. बहुतेकांच्या बाबतींत निष्ठा खरी होती म्हणूनच प्रश्न उठले.

पहिला प्रश्न वर्षांचा. रसेल यांनीं ख्रिस्ताचें अदृश्य आगमन १८७४ सालीं झालें असें शिकविलें आणि १९१४ सालीं जगांतील राज्यांचा अंत होईल असें सांगितलें. १९१४ सालीं महायुद्ध पेटलें. पण राज्यें नाहींशीं झालीं नाहींत. पुढें अर्थ पालटला व अदृश्य आगमनच १९१४ सालीं झालें असें ठरलें. त्यानंतर रदरफर्ड यांनीं १९२५ सालीं अब्राहाम, इसहाक, याकोब आदि पूर्वज पुनरुत्थित होऊन पृथ्वीवर येतील असें भाकीत केलें. तें वर्ष गेलें. कोणी आलें नाहीं. तरीहि १९२९ सालीं कॅलिफोर्नियांतील सॅन डिएगो येथें एक प्रशस्त घर बांधण्यांत आलें आणि दावीद, शमुवेल आदि पुरातन पुरुष परत येतील तेव्हां तें त्यांच्या स्वाधीन व्हावें अशी दस्तऐवजांत तजवीज झाली. मधल्या काळांत तेथें रदरफर्डच राहात. १९४८ सालीं तें घर विकण्यांत आलें.

पुढें १९६६ सालीं छापलेल्या एका पुस्तकांत, आदामाच्या निर्मितीपासून सहा हजार वर्षें १९७५ सालीं पुरीं होतात, असा हिशेब मांडला गेला. त्या सालीं जगाचा अंत होईलच असें त्यांत स्पष्ट लिहिलें नव्हतें, हें सांगितलें पाहिजे. परंतु अपेक्षा इतकी चढली कीं कोणीं घर विकलें, कोणीं शिक्षण सोडलें. आणि १९७४ सालीं पंथाच्या अंतर्गत पत्रकानें घरेंदारें विकून प्रचारास लागणाऱ्यांची वाखाणणीच केली. १९७५ साल आलें आणि गेलें. नंतरच्या वर्षांत प्रचारकांची संख्या घटली. १९८० सालीं त्यांच्या नियतकालिकानें ही आशा चढविण्यांत आपल्या लिखाणाचाहि भाग होता असें मान्य केलें. पण ज्यानें घर विकलें त्याला घर परत मिळालें नाहीं, आणि ज्या तरुणीनें “अंत जवळ आहे, आतां संसार कशाला?” म्हणून लग्न नाकारलें, तिचीं तीं वर्षें कोणीं परत दिलीं नाहींत.

तरीहि एक आधार उरला होता. १९१४ ची घटना पाहिलेली पिढी सरण्यापूर्वीं अंत येईल, असें दशकानुदशकें शिकविलें जात होतें. ती पिढी म्हातारी झाली. १९९५ सालीं ‘पिढी’ या शब्दाचा अर्थ बदलला; २०१० च्या सुमारास आणखी एक अर्थ आला, कीं एकमेकींच्या आयुष्यांत गुंतलेल्या दोन पिढ्या मिळून ती एक पिढी होय. या बदलांचें समर्थन करितांना नीतिसूत्रांच्या चवथ्या अध्यायाचा दाखला देण्यांत येतो, कीं नीतिमानाच्या वाटेवरील प्रकाश वाढत जातो. त्यावर बाहेर पडलेल्यांचें उत्तर मार्मिक आहे. ते म्हणतात, प्रकाश वाढला म्हणजे तीच वस्तु अधिक स्पष्ट दिसते. काल जो खांब होता तो आज विहीर झाला असें दिसत नाहीं. आणि त्या दिवसाविषयीं व घटकेविषयीं पित्याखेरीज कोणासहि ठाऊक नाहीं, असें मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायांत स्वतः प्रभूनेंच सांगितलें असतां हें गणित मांडावेंच कां?

या गणिताची मुळापासून तपासणी करणारे दोन पुरुष प्रसिद्ध आहेत. दानीएलाच्या चवथ्या अध्यायांतील ‘सात काळ’ म्हणजे २,५२० वर्षें, असें पंथ मानतो. यरुशलेमाचा पाडाव ख्रिस्तपूर्व ६०७ सालीं झाला असें धरून तेथून मोजलें म्हणजे १९१४ येतें. स्वीडनमधील कार्ल ऊलॉफ यॉन्सन या साक्षीदारानें बाबेलच्या मृत्तिकालेखांचा अभ्यास केला, आणि तो पाडाव ख्रिस्तपूर्व ५८७ च्या सुमारास झाला असें इतिहासकार म्हणतात तेंच खरें, असें त्यास आढळलें. म्हणजे वीस वर्षांची तूट पडली आणि त्यावर उभारलेली माडी डळमळली. १९७७ सालीं त्यानें आपला निबंध मुख्य कार्यालयाकडे पाठविला. १९८२ सालीं त्यास पंथांतून बहिष्कृत करण्यांत आलें. पुढील वर्षीं त्यानें तो अभ्यास ग्रंथरूपानें जगापुढें ठेविला.

दुसरा पुरुष याहूनहि मोठ्या पदावरचा. रेमंड फ्रान्झ हे १९७१ पासून १९८० पर्यंत पंथाच्या सर्वश्रेष्ठ ‘नियमन मंडळा’चे सभासद होते, त्यांचे चुलते फ्रेडरिक फ्रान्झ हे पुढें पंथाचे अध्यक्ष झाले. पंथासाठीं शास्त्रकोश तयार करितांना याच ६०७ सालाचा पुरावा रेमंड यांनीं शोधला आणि तो त्यांस सांपडला नाहीं. लोकांच्या जन्ममरणाचे नियम मंडळांत हात वर करून, दोन तृतीयांश मतांनीं, कसे ठरतात हें त्यांनीं जवळून पाहिलें. एक मत इकडचें तिकडे झालें कीं सहस्रावधि कुटुंबांचा मार्ग बदले. १९८० सालीं ते मंडळांतून बाहेर पडले. पुढें पंथ स्वखुशीनें सोडलेल्या एका गृहस्थाबरोबर, जो त्यांचा मालकहि होता, ते भोजनास बसले; त्या कारणावरून १९८१ सालीं त्यांस बहिष्कृत केलें. १९८३ सालीं त्यांचें ‘क्रायसिस ऑफ कॉन्शन्स’ हें पुस्तक निघालें. २०१० सालीं ते वारले. त्यांच्या पुस्तकांत शिवीगाळ नाहीं, हें त्यांच्या विरोधकांनींहि लक्षांत घेण्याजोगें आहे.

दुसरा प्रश्न अधिकाराचा. मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायांत ज्या विश्वासू व बुद्धिमान दासाचा दृष्टांत आहे, तो दास म्हणजे अभिषिक्तांचा सर्व समुदाय, असें पूर्वीं शिकवीत. २०१२-१३ च्या सुमारास तो अर्थ आकुंचित होऊन तो दास म्हणजे नियमन मंडळच, असें ठरलें. २०१७ सालीं याच मंडळानें आपण ईश्वरप्रेरित नाहीं व आपल्या हातून चूक होऊं शकते असेंहि लिहिलें. बाहेर पडलेले विचारतात, चूक होऊं शकते तर ती दाखविणें हें पाप कसें? बिरुया येथील लोकांनीं संत पौलाचें बोलणेंहि शास्त्राशीं ताडून पाहिलें आणि प्रेषितांच्या कृत्यांत त्यांची स्तुतीच झाली आहे. मग आमची निंदा कां?

येथें कोणी आपणांस टोकील, “तुम्हां कॅथोलिकांचाहि पोप आहेच ना?” प्रश्न रास्त आहे व त्याचें उत्तर टाळूं नये. शिकविण्याचा अधिकार प्रभूनें प्रेषितांस दिला असें आपण मानितों. परंतु तो अधिकार शास्त्राच्या व प्रेषितांपासून चालत आलेल्या परंपरेच्या सेवेसाठीं आहे, त्यांच्या वर नाहीं, असें दुसऱ्या व्हॅटिकन महासभेनें १९६५ सालीं स्पष्ट सांगितलें आहे. पोपमहाशयांचा प्रत्येक शब्द अचूक असतो असें पहिल्या व्हॅटिकन महासभेनें १८७० सालीं म्हटलें नाहीं. त्यास कडक मर्यादा घातल्या. आणि १९८३ च्या धर्मविधिसंहितेंत, २१२ व्या नियमांत, ख्रिस्तसभेच्या हिताविषयीं आपलें मत आदरपूर्वक धर्मगुरूंपुढें मांडण्याचा श्रद्धावंतांचा हक्क, आणि कधीं कधीं तें कर्तव्यहि, लिहून ठेविलें आहे. म्हणून धर्मग्रामांत कोणीं नम्रपणें प्रश्न विचारला तर त्याकडे वाकड्या नजरेनें पाहूं नये.

तिसरा प्रश्न रक्ताचा, आणि तो जीवनमरणाचा आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या पंधराव्या अध्यायांत रक्त वर्ज्य करण्याची जी आज्ञा आहे, तींत दुसऱ्याचें रक्त शिरेंतून घेणेंहि येतें, असें १९४५ पासून पंथ शिकवूं लागला. १९६१ पासून असें रक्त घेणारा व पश्चात्ताप न करणारा बहिष्कारास पात्र ठरला. ज्या प्राण्याचा प्राण घेतला, त्याचें रक्त खाऊं नये, अशी ती जुनी आज्ञा. प्राण वाचविण्यासाठीं जिवंत माणसानें प्रेमानें दिलेलें रक्त तींत कसें येईल, असें बाहेर पडलेले विचारतात. ते आणखीहि दाखले देतात. १९३१ पासून देवी टोंचून घेणें निषिद्ध होतें, १९५२ सालीं तो निर्बंध उठला. १९६७ सालीं दुसऱ्याचें मूत्रपिंड वगैरे अवयव बसवून घेणें हें नरमांसभक्षणासारखें ठरविलें, १९८० सालीं तें ज्याच्या त्याच्या विवेकावर सोडलें. मग मधल्या तेरा वर्षांत ज्यानें आज्ञा पाळून अवयव नाकारला आणि देह ठेविला, त्याच्या आईला काय सांगावयाचें? आम्ही हा प्रश्न पुष्कळ वेळां मनांत फिरविला. त्याचें उत्तर कोणत्याहि मासिकांत मिळणार नाहीं.

चवथा प्रश्न भाकरीचा, आणि आम्हां कॅथोलिकांच्या काळजास तो अधिक भिडतो. वर्षांतून एकदां, वल्हांडणाच्या सुमारास, साक्षीदार प्रभूच्या मरणाचा स्मरणविधि करितात. भाकरीचें ताट व द्राक्षारसाचा पेला एका हातांतून दुसऱ्या हातांत फिरतो. आपण स्वर्गास जाणाऱ्या १,४४,००० पैकीं आहों असें ज्यांस वाटतें तेवढेच तें सेवन करितात. बाकीचे ताट घेतात आणि शेजाऱ्याच्या हातीं देतात. कित्येक सभागृहांत एकहि मनुष्य घास घेत नाहीं. भरलेलें ताट भरलेलेंच परत येतें. बाहेर पडलेल्या कित्येकांनीं लिहून ठेविलें आहे कीं पहिली शंका याच रात्रीं आली. योहानाच्या सहाव्या अध्यायांत प्रभूनें आपला देह व रक्त सर्वांसाठीं जीवन म्हणून देऊं केलें. मग मीं तें ताट पुढें कां सारावें? बंधुभगिनींनो, ज्या परमप्रसादासाठीं एखादा मनुष्य आयुष्यभर भुकेला राहिला, तो आपल्यापुढें दर रविवारीं मांडलेला असतो. आणि आपण कित्येकदां बाजाराच्या घाईनें मिस्सा अर्धी टाकून उठतों.

पांचवा प्रश्न बहिष्काराचा. पंथांतून काढलेल्या मनुष्याशीं जवळच्या नातलगांनींहि सहवास ठेवूं नये, असा नियम. १९८१ पासून जो आपण होऊन निघाला त्यासहि तोच लागू केला गेला. आईनें मुलाचा फोन उचलूं नये, भावानें बहिणीच्या लग्नास जाऊं नये, अशा घटना यांतून घडल्या आहेत. २०२४ सालीं हा नियम थोडा सैल झाला. सभेस आलेल्या बहिष्कृतास चार शब्दांनीं अभिवादन करण्याची मुभा मिळाली. आम्हांस त्याचा आनंद वाटतो. करिंथकरांस लिहितांना संत पौलानें कडक शिस्त सांगितली, हें खरें. पण ती सुधारण्यासाठीं होती. पापी भावास जकातदारासारखें समजा असें जेथें प्रभु म्हणतो, तें शुभवर्तमान ज्याच्या नांवें आहे तो मत्तय स्वतः जकातदार होता. आणि प्रभु त्याच्या घरीं पंक्तीस बसला होता.

हे झाले प्रश्न. आतां सावधगिरीचे दोन शब्द.

पहिला शब्द बाहेर पडलेल्यांविषयीं. त्यांची साक्ष मोलाची आहे. पण साक्षहि पाखडूनच घ्यावी. दुःखानें पोळलेला मनुष्य कधीं जास्त बोलतो. कित्येकांची त्या एका पंथाबरोबर देवावरचीहि श्रद्धा उडते. आणि राग कोठवर जाऊं शकतो याचें भयंकर उदाहरण आपल्याच देशांत घडलें. २९ ऑक्टोबर २०२३ रोजीं केरळांतील कळमशेरी येथें साक्षीदारांच्या अधिवेशनांत बाँबस्फोट झाले. बारा वर्षांच्या एका मुलीसह अनेक निरपराध माणसें मेलीं. आपण त्या पंथाचा पूर्वीचा अनुयायी असून त्याची शिकवण पटेनाशी झाल्यामुळें हें केलें, असें सांगत एक इसम पोलिसांकडे हजर झाला. प्रश्न विचारणें हा विवेकाचा हक्क आहे. प्रार्थनेस बसलेल्यांवर हात उगारणें हा देवाविरुद्ध अपराध आहे. श्रद्धेचें स्वातंत्र्य हा मनुष्याच्या प्रतिष्ठेंत मूळ असलेला हक्क आहे, असें व्हॅटिकन महासभेनें १९६५ सालींच शिकविलें आहे, आणि तो हक्क आपल्याशीं न पटणाऱ्यांसहि आहे.

दुसरा शब्द आपल्या घराविषयीं. ऑस्ट्रेलियांत मुलांवरील लैंगिक अत्याचारांची चौकशी करण्यास शाही आयोग बसला होता. साक्षीदारांच्या दप्तरांत १९५० पासून १,००६ संशयितांच्या नोंदी असून पंथानें त्यांपैकीं एकाचीहि वर्दी सरकारास दिली नव्हती, हें २०१५ सालीं उघड झालें. दोन साक्षीदारांवांचून आरोप मानूं नये, या शास्त्रवचनाच्या आड तें घडलें. परंतु त्याच आयोगाच्या चौकशींत कॅथोलिक संस्थांविरुद्ध तक्रार केलेल्यांची संख्या ४,४४४ निघाली. हा आंकडा गिळून पहिला आंकडा मोठ्यानें वाचणें म्हणजे ढोंग होय. दुसऱ्याच्या खळ्यावर सूप धरावयाचें तर तें आपल्या खळ्यावरहि धरलें पाहिजे.

मग आपण काय करावें? थोडक्यांत सांगतों.

साक्षीदार दाराशीं आले तर दार आपटूं नये. बसावयास सांगावें, पाणी द्यावें, आणि आपली श्रद्धा संत पेत्रानें सांगितल्याप्रमाणें सौम्यपणें व आदरानें सांगावी. न जमल्यास “आम्ही कॅथोलिक आहों, नमस्कार,” एवढेंहि पुरे.

श्रद्धा सांगावयाची तर ती ठाऊक पाहिजे. दर रविवारीं आपण जो विश्वासांगीकार म्हणतों, त्याचा पाया ३२५ सालच्या निसिया येथील महासभेनें घातला, आणि २०२५ सालीं त्यास सतराशें वर्षें झालीं. प्रभु येशू निर्मित जीव आहे असें म्हणणाऱ्या आरियस यास उत्तर देण्यासाठींच ती महासभा भरली होती. म्हणजे दाराशीं येणारा प्रश्न नवा नाहीं. त्याचें उत्तरहि जुनें आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच वचनांत शब्द ‘देव होता’ याऐवजीं ‘एक देव होता’ असा अर्थ साक्षीदारांच्या १९५० च्या इंग्रजी भाषांतरांत घेतला आहे. पण त्याच शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायांत थोमा उठलेल्या प्रभूस आपला प्रभु व आपला देव म्हणतो, आणि प्रभु त्यास अडवीत नाहीं. एवढें तरी आपल्या प्रत्येक मुलास ठाऊक असावें. घरांत बायबल फुलें वाहण्यासाठीं नसून वाचण्यासाठीं आहे.

आपला मुलगा किंवा मुलगी परगांवीं निघाली कीं तेथील धर्मग्रामाचा पत्ता तिच्या हातीं द्यावा, आणि येथील फादरांनीं तेथील फादरांस दोन ओळी लिहाव्या. दार ठोठावणारा पहिला पाहुणा आपल्यापैकीं असावा. माणसें पंथांत जातात तीं बहुधा गणितासाठीं जात नाहींत. कोणीं तरी विचारपूस केली म्हणून जातात.

जो गेला त्याच्याशीं नातें तोडूं नये. सणास फराळ पाठवावा, आजारांत भेटावें. त्याच्या पंथानें जरी अंतर ठेवण्यास सांगितलें तरी आपल्या बाजूनें दोरा तुटूं देऊं नये.

आणि जो परत येईल त्याचें स्वागत कसें करावें? ज्याचा बाप्तिस्मा मुळांत ख्रिस्तसभेंत झाला होता, त्यास पुन्हां बाप्तिस्मा नाहीं. त्यानें श्रद्धा प्रकट करावी, पापनिवेदन करावें आणि पंक्तीस बसावें. ज्यास केवळ साक्षीदारांकडूनच बाप्तिस्मा मिळाला, त्यास मात्र सर्व तयारीनिशीं बाप्तिस्मा घ्यावा लागतो. कारण पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या त्रैक्यावरील श्रद्धेवांचून तो संस्कार होत नाहीं. परंतु विधीइतकाच महत्त्वाचा आपला वागणूकधर्म. “गेला होता ना?” असें कुजबुजूं नये. त्यानें प्रश्न विचारले तर दचकूं नये. ज्यानें एकदां फसवणूक सोसली तो दुसऱ्यांदा शंभर प्रश्न विचारणारच. उधळ्या पुत्राच्या दृष्टांतांत बापानें हिशेब मागितला नाहीं. हिशेब मागणारा थोरला भाऊ होता, आणि तो बाहेरच उभा राहिला.

बंधुभगिनींनो, महोत्सव हा मोजदादीचा दिवस आहे. किती बाप्तिस्मे झाले, किती लग्नें लागलीं, किती मुलें शिकलीं, हें नोंदवहींत लिहिलेलें असतें. पण कोण एकटा राहिला, कोणाच्या प्रश्नास उत्तर मिळालें नाहीं, कोण दुसऱ्याच्या दारीं प्रेमासाठीं गेला, याची नोंद फक्त देवाजवळ असते. पुढील महोत्सवापर्यंत ती दुसरी नोंद कमी व्हावी, असें आज आपण मनांत धरूं. जे भिन्न मतानें प्रभूचें नांव घेतात त्यांस प्रकाश लाभो, जे दुखावले गेले त्यांस विश्रांति मिळो, जे प्रश्न विचारतात त्यांस सत्य सांपडो, आणि मुर्री येथील या लहानशा कळपांत कोणासहि परकें वाटूं नये, अशी त्रैक्य देवाच्या चरणीं प्रार्थना करून आम्ही रजा घेतों.

येशूची स्तुति असो.